थंडीची रात्रपाळी

आमच्या मराठवाड्यात पावसाची चौकशी वर्षभर चालते, उन्हाला सगळे शिव्या देतात आणि कौतुक होते ते फक्त थंडीचे. पाहुण्यासारखी येते, चार दिवस राहते, जाते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला एक आठवडा मात्र मला या कौतुकासाठी नव्हे, वेगळ्याच कारणासाठी आठवतो.

सोमवारी आभाळ स्वच्छ झाले आणि मंगळवारपासून उत्तरेचा वारा सुटला. तिकडे हिमालयात बर्फ पडून गेला की तो कोरडा, बोचरा वारा खाली उतरतो. आपले शहर साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर, भोवती मोकळी राने. आभाळात ढग नसला की दिवसभराची ऊब जमीन रात्री पार गमावून बसते. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. चिकलठाण्याच्या वेधशाळेतला आकडा गुलमंडीच्या दाट गल्ल्यांत तसाच जाणवेल असे नाही. पण सकाळी वर्तमानपत्रात एक आकडी तापमान वाचले की माणसाला दुप्पट गारठल्यासारखे वाटते, हे खरे.

त्या आठवड्यात सारे शहर खुशीत होते. विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणाऱ्यांच्या कानटोप्या पाहून ओळखीची माणसे ओळखू येईनात. तिबेटी स्वेटरवाल्यांकडे गर्दी होती. आमच्याकडे आईची जुनी हिमरू शाल ट्रंकेतून निघाली, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी तीच पांघरून गॅलरीत चहा घेतला आणि त्याच खुशीत गावी दादाला फोन लावला, "काय मस्त थंडी पडलीय!"

पलीकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग दादा म्हणाला, "मस्त हाये का? या आठवड्यात लाईट रात्री बाराला येते. दारं धरायला ये, मग सांग."

आमचे गाव फुलंब्री तालुक्यात. दादाचे वय अडुसष्ट. शेतीपंपांना वीज मिळते ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यावर झाली होती, म्हणजे पीक साठ दिवसांचे, फुलोऱ्यावर आलेले. नेमक्या या वेळी पाण्याचा ताण बसला तर दाणा भरत नाही. थंडी गव्हाला मानवते, हे दादालाही पक्के ठाऊक. पण पाणी आठ दिवसांनी देतो म्हणायची सोय नव्हती. पुतण्या वाळूजच्या कारखान्यात. त्या आठवड्यात त्याचीही रात्रपाळीच. त्याच्या डोक्यावर छप्पर तरी होते.

गुरुवारी वहिनीचा फोन आला. दादाला ताप भरला होता आणि तरी तो रात्री शेतावर निघणार होता. संध्याकाळच्या एसटीने मी गेलो. लहानपणी दारे धरली होती, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. पण ते वहिनीला सांगितले नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी मोटार सुरू झाली. पाटात पाणी आले तसा त्यावर वाफेचा पातळ पदर दिसू लागला. विहिरीचे पाणी वर्षभर जवळपास सारख्याच उबेचे असते, त्यामुळे कडाक्याच्या रात्री ते कोमट लागते. पाण्यात उभे असेपर्यंत पाय सुखात. एक सारा भरला की फावड्याने त्याचे तोंड बुजवायचे, पुढच्याचे फोडायचे. त्यासाठी बांधावर चढलो की ओल्या पोटऱ्यांना वारा असा झोंबे की बोटे आहेत की नाहीत ते कळेना. बॅटरी तोंडात धरावी तर तिचा पत्रा दातांना गार लागे. तासाभरात घोटाही जाणवेनासा झाला. एकदा पाय घसरून साऱ्यातच बसलो. तो माणूस अडुसष्ट वर्षांचा आणि अंगात ताप असता, तर त्याला कोणी उठवले असते? शिवारात दूरवर दोन-तीन बॅटऱ्या हलत होत्या, तेवढीच सोबत.

अडीचला वीज गेली. शेजारच्या शेतकऱ्याने तुऱ्हाट्यांची शेकोटी केली होती, तिथे जाऊन बसलो. वीज कधी येईल हे कोणी विचारत नव्हते. चारच्या सुमारास मोटारीचा आवाज आला आणि पाठोपाठ घोंगडी पांघरलेला दादा, हातात चहाची किटली. मला वाटले, धाकट्या भावाची काळजी वाटली असेल. दादाने बॅटरी माझ्यावर नव्हे, गव्हावर फिरवली. "तिसरा सारा फुटलाय. पाणी समदं ओढ्याला चाललंय."

शनिवारी शहरात परतलो तर मित्रांचा हुरड्याचा बेत ठरलेला. दौलताबादच्या बाजूला शेत, आगटीत भाजलेली कणसे, गूळ, लसणाची चटणी, दही. सारे "वा, काय थंडी!" म्हणत होते. माझे पाय अजून ठणकत होते. न राहवून मी शेतमालकाला जरा टोचून विचारले, "याला रात्री पाणी कोण देतं हो?" तो हसला. "साहेब, शाळूला कुठलं पाणी? काळ्या रानातल्या ओलीवर आणि दवावर येतो तो." मी मुकाट्याने आणखी एक मूठ हुरडा घेतला. गुळासोबत फारच छान लागत होता.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. जिथे ती पोहोचली तिथल्या शेतकऱ्यांना रात्रीचे फावडे सुटले. दादाच्या शिवारात त्या जानेवारीपर्यंत तरी ती आलेली नव्हती.

रविवारी ढग आले, पारा चढला. शाल परत ट्रंकेत गेली आणि आमच्या कॉलनीत लोक हळहळले. दादाचा ताप उतरला होता. फोनवर म्हणाला, "ढगाळलंय. आता मावा पडतो बघ." मग थोडे थांबून, "पुढच्या आठवड्यात पाळी दिवसाची हाये. आलास तर ये, नाही आलास तरी चालंल."