पंधरा पौंडांचा बागुलबुवा

अमेरिकेतील विद्यापीठात प्रथम वर्षाला जाणाऱ्या मुलीच्या कानावर 'फ्रेशमन फिफ्टीन' हा शब्दप्रयोग हमखास पडतो. पहिल्याच वर्षी वजन पंधरा पौंडांनी, म्हणजे सुमारे ६.८ किलोंनी वाढते, असा त्याचा अर्थ. 'सेव्हन्टीन' या मुलींच्या मासिकाने १९८९ साली हा विषय मुखपृष्ठावर घेतला आणि हे भाकीत सर्वतोमुखी झाले. आज आपल्याकडील अनेक मुली शिक्षणासाठी तिकडे जातात. तेव्हा या भाकिताची शहानिशा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यात तथ्य किती? जे झॅगॉर्स्की व पॅट्रिशिया स्मिथ या अभ्यासकांनी देशव्यापी पाहणीतील आकडे तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षात मुलींचे वजन सरासरी वाढले ते दीड किलोहूनही कमी! पंधरा पौंड वाढलेले विद्यार्थी शंभरात दहाही नव्हते. शिवाय कॉलेजात न गेलेल्या समवयस्कांचे वजनही वाढतच होते; फरक होता तो सुमारे अर्ध्या पौंडाचा. म्हणजे या वाढीचा बराचसा भाग कॉलेजचा नसून वयाचा आहे.

मग काळजीचे कारणच नाही काय? तसेही नव्हे. त्याच अभ्यासात कॉलेजची सारी वर्षे मिळून मुलींचे वजन सात ते नऊ पौंडांनी वाढलेले दिसले. थेंबे थेंबे तळे साचे, हा न्याय येथेही लागू पडतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठतात, असा ढोबळ हिशेब आहे. त्या मानाने नऊ महिन्यांत दीड किलो वाढण्यास रोजची चाळीसएक कॅलरी पुरते. अर्धी पोळीच म्हणा ना!

ही अर्धी पोळी येते कोठून? कॉर्नेल विद्यापीठात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठ नवविद्यार्थ्यांचे वजन बारा आठवड्यांत सरासरी १.९ किलोंनी वाढले. 'हवे तितके वाढून घ्या' अशा भोजनगृहांतील जेवण हे त्याचे एक ठळक कारण आढळले. घरी आई वाढते आणि पुरे म्हणते. तेथे पुरे म्हणणारे कोणी नसते. त्यात रात्रीची जागरणे, अवेळी खाणे आणि सुटलेला खेळ यांची भर पडते.

परंतु आमच्या मते या दीड किलोपेक्षा पंधरा पौंडांची भीती अधिक घातक आहे. भ्यालेली मुलगी सकाळची न्याहारी टाळते, दिवसभर उपाशी राहते, रात्री भुकेने अधिक खाते आणि मग स्वतःलाच दोष देते. काहींच्या बाबतीत या चक्रातून खरोखरीचा आजार उद्भवतो व वैद्यकीय उपचारांची गरज लागते.

म्हणून मुलींना आमचे सांगणे इतकेच की, जेवण वेळेवर घ्या, झोप पुरी करा, रोज चालण्याचा नेम ठेवा आणि वजनकाट्याची रोज पूजा करू नका. आईबापांनाही एक विनंती आहे. सुटीत मुलगी घरी आली की उंबरठ्यावरच "किती जाड झालीस गं!" असे म्हणू नका. आधी तिला विचारा, "झोप नीट होते ना? जेवायला सोबत कोणी असते ना?" तिच्या प्रकृतीचे खरे वर्तमान या उत्तरांतून कळेल.