रुगेझीची दलदल आणि पाच करार

२००४ साली रवांडाची राजधानी किगाली विजेसाठी भाड्याच्या डिझेल जनरेटरांवर येऊन ठेपली. उत्तरेकडचे न्तारुका हे जलविद्युत केंद्र अवघ्या सव्वाअकरा मेगावॉट क्षमतेचे. आपल्या हिशेबाने चिमुकलेच, पण त्या देशाकडे अशी केंद्रे मोजकीच होती. न्तारुकाला पाणी मिळते बुरेरा तळ्यातून, आणि बुरेराला ते मिळते दोन हजार मीटर उंचीवर पसरलेल्या रुगेझी नावाच्या दलदलीतून. तळ्याची पातळी उतरली, वीज आटली, विजेचे दर चढले. पाऊस कमी झाला होता आणि केंद्राची देखभालही नीट नव्हती. पण एक मोठे कारण वर दलदलीत होते. शेतीसाठी चर खणून तिचे पाणी काढून दिले गेले होते आणि भोवतीचे उभे चढ कुदळीखाली आले होते.

आंतरराष्ट्रीय पर्यावरण करार म्हटले की परिषदा, झेंडे, सह्या डोळ्यांपुढे येतात. करार प्रत्यक्षात कसे चालतात हे समजून घ्यायचे असेल, तर रुगेझीसारखी एखादी जागा धरून बसावे. ही दलदल पाणथळ जागांच्या रामसर कराराच्या यादीत आहे. आपली नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ज्या यादीत आहेत, तीच ही यादी. दलदलीत ग्राउअरचा वटवट्या नावाचा, जगात फार थोड्या ठिकाणी उरलेला पक्षी राहतो, म्हणून जैवविविधता करार. तिच्या पोटात पीटचे जाड थर आहेत, त्यांत कार्बन साठलेला आहे, आणि तिच्या पाण्यावर वीज चालते, म्हणून हवामान बदलाचा करार. भोवतालच्या चढांवरची माती वाहून जाते, तिच्यासाठी वाळवंटीकरणविरोधी करार. इथला राखाडी तुरेवाला क्रौंच पकडून विकला जात असे, बड्या घरांच्या बागांत आणि हॉटेलांच्या हिरवळीवर पाळला जात असे. त्याच्या सीमापार व्यापारावर वन्य जीवांच्या व्यापाराचा साइटिस करार लागू होतो.

एका दलदलीला पाच करार. प्रत्येकाचे सचिवालय वेगळे, अहवालाचा नमुना वेगळा, तारीख वेगळी, पैशाची वाट वेगळी. श्रीमंत देशात पाच खाती पाच गट नेमतात. युद्धातून उठलेल्या देशात हे सगळे दोन-तीन माणसांच्या टेबलावर येऊन पडते.

रवांडाने हवामान आणि जैवविविधता या दोन करारांवर १९९२ साली सही केली, तेव्हा देशात यादवी सुरू होती. पुढे एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी समाजाची होती. सरकारी कचेऱ्या लुटल्या गेल्या, शिकलेली माणसे मारली गेली किंवा परागंदा झाली. अशा अवस्थेत १९९६ साली जैवविविधता कराराला आणि १९९८ साली हवामान व वाळवंटीकरणाच्या करारांना देशाने अधिकृत मान्यता दिली. सही ही फक्त इच्छा असते, मान्यता दिली की देश बांधला जातो. त्या दिवसापासून अहवालांची घड्याळे चालू होतात, मग कचेरीत कपाट असो वा नसो.

याच वर्षांत परत येणाऱ्या निर्वासितांचे लोंढे सुरू होते. १९५९ नंतर युगांडा, टांझानियात गेलेली कुटुंबे गुरांसह परतली. त्यांना जागा कुठून द्यायची? १९९७ साली अकागेरा राष्ट्रीय उद्यान सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरवरून साधारण अकराशेवर आणले गेले. पश्चिमेकडचे गिश्वतीचे जंगल आधीच कमी होत होते, ते आता काही शे हेक्टरांवर आले. कागदावर हे जैवविविधता कराराच्या थेट उलट होते. तरी त्या सरकारला दोष देणे मला जमत नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांना जंगलाच्या सीमेबाहेर थांबा असे सांगणारा देश फार काळ शांत राहिला नसता. मात्र त्याची किंमत पुढे मोजावी लागली. २००७ साली गिश्वतीच्या उघड्या चढांवर पूर आणि दरडी आल्या, आणि तिथल्या वस्त्यांना पुन्हा उठावे लागले.

या पाच करारांच्या समन्वयाची पहिली पायरी असते घर. २००५ च्या पर्यावरण कायद्याने रवांडा पर्यावरण व्यवस्थापन प्राधिकरणाला, म्हणजे रेमाला, पाया मिळाला. करारांच्या संपर्क अधिकाऱ्यांपैकी बरेच जण हळूहळू या एका छपराखाली आले. संपर्क अधिकारी म्हणजे सचिवालयाचे पत्र ज्याच्या नावाने येते तो माणूस. हे अधिकारी वेगवेगळ्या मंत्रालयांत विखुरलेले असले की एकाच दलदलीची पाच मोजमापे पाच वेळा होतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एका छपराखाली आले तर निदान आकडा एक राहतो.

दुसरी पायरी म्हणजे कराराची भाषा देशाच्या कायद्यात उतरवणे. २००५ च्या कायद्याने नदीकाठापासून १० मीटर आणि तळ्याकाठापासून ५० मीटरपर्यंत शेतीला मनाई केली. ‘परिसंस्थांचे संरक्षण करा’ हे वाक्य गावच्या माणसाला काही सांगत नाही. दहा मीटर सांगतात. दोरी धरून ते मोजता येतात.

तिसरी पायरी पैशाची, आणि खरी गाठ इथेच बसते. तुलनेसाठी दलदलीच्या पाचांबाहेरचा एक करार पाहू. ओझोन थराच्या रक्षणाचा माँट्रियल करार रवांडाने २००१ मध्ये स्वीकारला. या कराराचा स्वतःचा बहुपक्षीय निधी आहे. विकसनशील देशातल्या ओझोन कक्षाचा खर्च, म्हणजे तिथे बसणाऱ्या माणसाचा पगारसुद्धा, त्यातून मिळू शकतो. म्हणून तो माणूस वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत राहतो. त्याचे काम पाहा. रवांडाला समुद्र नाही. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रांत भरायच्या वायूंचे सिलिंडर मोंबासा किंवा दार-एस-सलामच्या बंदरात उतरतात आणि ट्रकने सीमेवर येतात. सीमेवर कस्टमचा माणूस परवाना पाहतो. सिलिंडरवर लिहिलेलाच वायू आत आहे ना, हे ओळखायचे एक छोटे यंत्र असते. भेसळीचे आणि खोट्या लेबलांचे सिलिंडर या धंद्यात नवे नाहीत. वर्षाअखेरी बेरीज होते. उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, म्हणजे देशाचा वापर. रवांडात उत्पादन नाही, तेव्हा सगळा भरवसा कस्टमच्या वहीवर. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरच्या आत हा आकडा सचिवालयाला पोचला पाहिजे.

हवामान, जैवविविधता आणि वाळवंटीकरण या करारांचा पैसा मुख्यतः १९९१ साली सुरू झालेल्या जागतिक पर्यावरण निधीतून येतो, आणि तो प्रकल्पाप्रकल्पाने येतो. तीन-चार वर्षांचा प्रकल्प, त्यावर नेमलेली माणसे, त्यांची गाडी, त्यांचा संगणक. प्रकल्प संपला की माणूस दुसऱ्या नोकरीला लागतो, आणि दलदलीच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. युद्धोत्तर देशांत करार अडतात ते बहुधा इथे. रवांडाने पुढे प्रकल्पांचे सुटे कक्ष मोडून खात्यात एकच कक्ष ठेवायची पद्धत आणली आणि २०१२ मध्ये स्वतःचा हरित निधी उभारला. बाहेरचा पैसा आधी देशाच्या पेटीत येतो आणि तिथून कामांना वाटला जातो. माझ्या मते देशाच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत दूरदृष्टीचा.

चौथी पायरी जिल्ह्यापर्यंत उतरण्याची. २००६ पासून जिल्ह्याचे महापौर राष्ट्राध्यक्षांबरोबर ‘इमिहिगो’ करतात. तो कामाचा लेखी शब्द असतो आणि वर्षाअखेरी त्याची तपासणी होते. करारातली कलमे तिथे पायऱ्या-पायऱ्यांच्या शेताचे हेक्टर, लावलेली झाडे, नव्या चुली अशी मोजता येणारी कामे होऊन बसतात. रुगेझीभोवती हेच घडले. दलदलीतली शेती आणि चर बंद केले, काठाने बांबू आणि गवताचा पट्टा लावला, चढांवर पायऱ्या काढल्या, मधमाशीपालन आणि कमी लाकूड लागणाऱ्या चुली दिल्या. तळे पुन्हा भरू लागले आणि न्तारुका पूर्ववत चालू लागले. एका कामाने हवामान, माती, पाणी आणि पक्षी या चारही अहवालांत लिहायला मजकूर मिळाला. समन्वय याला म्हणतात. चार समित्या एका खोलीत बसवून तो होत नाही, चार करारांचे काम एका जागेवर एकदाच केल्याने होतो.

इमिहिगोची दुसरी बाजूही आहे. जे मोजता येते तेच होते. झाडे मोजली जातात, त्यातली किती जगली हे मोजायला कुणी थांबत नाही. आणि शब्द वर दिलेला असल्याने खालच्या माणसाला नाही म्हणायला फारशी जागा राहत नाही. क्रौंचांचे काम वेगळ्या वाटेने गेले ते बरे झाले. पशुवैद्य ऑलिव्हिए न्सेंगिमाना यांनी लोकांना शिक्षेची धमकी न देता पाळलेले पक्षी परत करायला सांगितले. जे उडू शकत होते ते अकागेरात सोडले, पंख कापलेल्यांना किगालीत एका जागी सांभाळले.

याच देशात ऑक्टोबर २०१६ मध्ये माँट्रियल कराराची किगाली दुरुस्ती ठरली. हवा तापवणाऱ्या नव्या शीतकरण वायूंचा वापर कमी करण्याचे हे वेळापत्रक आहे. त्यात रवांडा ज्या गटात आहे त्याचा वापर २०२४ मध्ये गोठवायचा, भारताच्या गटाचा २०२८ मध्ये. आपल्याकडच्या फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांनाही सीमेवरच्या त्या वहीचा अर्थ लवकरच कळेल.

राहिला प्रश्न दलदलीत पिकवणाऱ्यांचा. २०२२ च्या जनगणनेनुसार रवांडात दर चौरस किलोमीटरला पाचशेहून अधिक माणसे आहेत. तिथे अर्ध्या एकराचा ओला तुकडा म्हणजे कोरड्या महिन्यांतले जेवण. रवांडाच्या कायद्याने दलदल सरकारची, म्हणून शेती थांबली तेव्हा मालक या नात्याने भरपाई मागायची सोय नव्हती. काहींना मधपेट्या मिळाल्या, काहींना रोपे. गेलेल्या पिकाच्या तुलनेत ते थोडेच. किगालीतले दिवे लागले त्याची किंमत त्यांनी भरली, आणि ती पाचही करारांच्या खर्चात धरली गेली पाहिजे असे मला ठामपणे वाटते. करण्याजोगा मार्ग देशातच आहे. २००८ पासून रवांडात गरीब कुटुंबांना सार्वजनिक कामांवर मजुरी देणारी योजना चालते, आणि चढांवर पायऱ्या काढणे हे तिच्यातले नेहमीचे काम. त्या मजुरीचा पहिला हक्क दलदल सोडलेल्या घरांचा, एवढे जिल्ह्याच्या इमिहिगोत लिहिले तर त्यासाठी सहावा करार लागणार नाही.