बोलका आरसा आणि घराची कळ

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपली म्हण आहे. परंतु अलीकडे असा एक आरसा निघाला आहे की, तो तोंड तर दाखवतोच, शिवाय वेळ आणि हवामानही सांगतो. आणि त्यावर बोट ठेवले, किंवा नुसते तोंडाने सांगितले, की घरातला दिवा, पंखा, टाकीचा पंप चालू-बंद करतो. इंग्रजीत त्यास ‘स्मार्ट मिरर’ म्हणतात; आपण बोलका आरसा म्हणू. ऐकणाऱ्यास ही जादू वाटते. पण कारखान्यात वावरलेल्या माणसाची रीत अशी की, यंत्र पुढे आले म्हणजे आधी झाकण उघडून पाहावे.

प्रथम काच पाहू. दिवसा खिडकीच्या काचेतून रस्ता दिसतो. रात्री खोलीत दिवा आणि बाहेर काळोख असला की त्याच काचेत आपले तोंड दिसते. काच तीच, फरक उजेडाचा. बोलक्या आरशाच्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो बराचसा उजेड परत फिरवतो आणि थोडा आरपार जाऊ देतो. त्यामागे संगणकाचा सपाट पडदा बसवतात. त्यावर काळ्या जागी पांढरी अक्षरे उमटतात. काळ्या भागातून उजेड येत नाही, म्हणून तेथे आरसा. अक्षरांतून येतो, म्हणून तेथे मजकूर.

बाकीचे साहित्य साधे आहे. सुताराने केलेली चौकट, पडदा तापतो म्हणून तिला हवेसाठी भोके, आणि रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक. हा संगणक इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झाला व 2012 साली विक्रीस आला. हॉलंडच्या मायकेल टेऊ यांनी 2014 मध्ये त्याच्या साहाय्याने आपल्या घरासाठी आरसा केला आणि त्याची आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. बोटाची जागा ओळखण्यासाठी चौकटीच्या कडेने अदृश्य अवरक्त किरणांची जाळी लावता येते. बोट आडवे आले की किरण अडतो आणि जागा कळते.

आता दिवा कसा लागतो? या संगणकाच्या तारेवर 3.3 व्होल्ट असतात, घरातली वीज 230 व्होल्टची. दोहोंची थेट गाठ घातली तर संगणक जळून जाईल. म्हणून मध्ये रिले असतो. आरशाचा निरोप घरातल्या वायफायवरून बोर्डाजवळच्या चिपेकडे जातो. ती रिलेच्या वेटोळ्यात छोटा प्रवाह सोडते. वेटोळ्याचे चुंबक होते, लोखंडी पट्टी ओढली जाते, आणि मोठा प्रवाह सुरू होतो. नगरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना उभा राहिला. 2020 साली तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. तेथे हयात घालवलेल्या कामगाराला चुंबकाने ओढलेल्या पट्टीचे नवल वाटणार नाही. तथापि 230 व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

किंबहुना आपल्याकडच्या शेतकऱ्याला दुरून कळ दाबणे नवे नाही. शेतीची तीन फेजची वीज अनेक वर्षे पुष्कळदा रात्रीच्या पाळीने मिळत आली. अकोले-संगमनेरकडे बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाणे म्हणजे काय, हे जाणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचा ‘नॅनो गणेश’ हा त्यांपैकीच. सोय मोठी झाली. पण तारेत वीजच नसेल तर मोबाईल काय करणार? आणि वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच घरोघर बसले, की सगळे पंप एकदम उठतात आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर जळतो. एकट्याची सोय सर्वांची अडचण होते ती अशी.

तेव्हा खरा प्रश्न, कळ कोणाच्या हाती, हा आहे. श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था 2011 पर्यंत वीज वाटत होती. त्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. आरशाचा निरोप घरातल्या घरात जाऊ शकतो, किंवा दूरच्या कंपनीच्या संगणकाकडे जाऊन परत येऊ शकतो. दुसऱ्या रीतीत कंपनीने दार लावले की घर बहिरे होते. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे घर चालवणारे यंत्र होते. ते करणारी कंपनी 2014 मध्ये गूगलच्या ‘नेस्ट’ने घेतली आणि मे 2016 मध्ये ती सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेली चांगली यंत्रे त्या दिवशी निकामी झाली.

याहून नाजूक गोष्ट कान-डोळ्यांची. तोंडी हुकूम ऐकायचा तर आरशाला मायक्रोफोन हवा. माणूस ओळखायचा तर कॅमेरा हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईंना कोणी विचारतो काय? 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. राज्यात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे; परंतु आरशामागच्या डोळ्याबद्दल त्या बाईंना सांगणे घरमालकाच्या सद्बुद्धीवरच राहते. कारखान्यात पाळत ठेवली तर आपण मोर्चा काढतो. स्वतःच्या घरी तेच करताना आपण मालक होतो, हे विसरू नये.

यास्तव आरसा जरूर करावा. शाळकरी मुलांनी तर अवश्य करावा, कारण त्यात प्रकाश, चुंबक आणि गणित तिन्ही शिकायला मिळतात. मात्र तीन नियम पाळावेत. भिंतीवरची हाताची बटणे काढू नयेत. वायफाय पडले तरी म्हाताऱ्या आईला दिवा लावता आला पाहिजे. निरोप शक्य तितका घरातल्या घरातच फिरवावा. आणि कॅमेरा किंवा मायक्रोफोन असेल तर घरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंना सर्वांत आधी, तो दाखवावा, आणि नको असेल तेव्हा बंद ठेवावा.