बादशाही गोट्यांची पुडी

गेल्या उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरला मावशीकडे गेलो, तेव्हा तिच्या जुन्या घराचा माळा उतरवायचे काम चालले होते. पितळी भांडी, फुटके कंदील, वह्यांचे गठ्ठे यांतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत गोट्या! आधी मावशीचे सासरे, मग दीर, मग तिची मुले अशा तीन पिढ्यांनी जिंकून आणलेली मिळकत. मोजल्या तर दोनशेच्या वर भरल्या.

मावशीचा कॉलेजात जाणारा नातू एकदम उठून बसला. गावातल्या एका दुकानात त्याने अशाच गोट्या पाहिल्या होत्या, ‘शाही जमाने के कंचे’ म्हणून पाचशेला एक. बुऱ्हाणपूरला ही पुडी खपते, कारण गावाला खरोखरच मोठा इतिहास आहे. मोगलांचे दख्खनमधले हे मोठे ठाणे. १६३१ साली मुमताजमहल इथेच वारली, ताजमहाल बांधून होण्याआधी तिला ताप्तीपलीकडे झैनाबादेत दफन केले होते. त्यामुळे माळ्यावरचा अडकित्तासुद्धा इथे बेगमेचा होऊ शकतो. मग गोट्या का नाही?

सांगायचे तर, ज्या गोटीच्या पोटात रंगीत काचेच्या पिळदार पट्ट्या आहेत, ती मुमताजने पाहिलेली असणे शक्य नाही. अशा गोट्या ढिगाने होऊ लागल्या त्या जर्मनीत, थुरिंगियातल्या लाउशा या काचकामाच्या गावी, १८४० च्या दशकात. तिथल्या कारागिरांनी एक खास कात्री काढली. तिच्या एका पात्याला वाटी आणि दुसऱ्याला धार. रंगीत काड्या एकत्र वितळवून जाड कांडी करायची, तापलेले टोक वाटीत फिरवून गोल करायचे आणि कापायचे. कांडी फिरवली की पट्ट्यांना पीळ पडतो. कापले की गोटीवर व्रण राहतो, आणि हा व्रणच तिची जन्मखूण.

ओळखायचे कसे? सोनाराचे दहापट दाखवणारे भिंग घ्या आणि सकाळच्या उन्हात बसा. गोटी बोटांत फिरवत जा. हातकामाच्या गोटीवर समोरासमोरच्या दोन टोकांशी पट्ट्या एकत्र येतात आणि तिथे खरखरीत किंवा घासून सपाट केलेला ठिपका असतो. नख फिरवले तरी कळते. कांडीच्या अगदी टोकाची गोटी असेल तर व्रण एकच. यंत्रावरच्या गोटीला तो नसतो. १९०५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या क्रिस्टेन्सन यांना गोट्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात जर्मन माल अडला आणि यंत्रांचे फावले. पारदर्शक गोटीत पाकळ्यांसारखे रंग, तो ‘मांजरडोळा’ तर १९५० च्या दशकात जपानने जगभर पसरवला. आपल्यापैकी बहुतेकांनी खेळली ती हीच जात. डब्यातल्या दहांपैकी आठ तरी तशाच होत्या.

आत बुडबुडे दिसले की गोटी जुनी, असे ठामपणे सांगणारे भेटतात. त्यात काही तथ्य नाही, बुडबुडे यंत्राच्या मालातही असतात. उलट आजही काही कारागीर हाताने गोट्या करतात आणि त्यांनाही व्रण असतोच. म्हणून व्रणाच्या जोडीला झीज पाहावी. मातीत खेळलेल्या गोटीवर बारीक चंद्रकोरीसारखे मार सगळीकडे असतात. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ती कोणत्या घरात, कोणाच्या हातून आली. मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली पूर्ण झाला, तो बुऱ्हाणपूरवरूनच जातो. बंदरावरचा विलायती माल इथे पोचायला बादशहाची गरज नव्हती.

हे सगळे मी सांगेपर्यंत उशीर झाला होता. नातवाने आदल्या रात्रीच पिळाच्या सहा गोट्या निवडून ओल्या पॉलिश पेपरने घासल्या होत्या. चकाकल्या तर भाव येईल हा हिशेब! काच चकाकली नाही, उलट धुरकट झाली. आणि दोन्ही टोकांचे व्रण साफ गेले. आता त्या जर्मन आहेत की काल-परवाच्या, हे कोणाला सिद्ध करता येणार? पोरगा खट्टू झाला. मीही त्याला फार बोललो नाही, आपणही जुनी समई चिंचेने घासतोच की. गोट्यांना मात्र कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके एवढेच पुरे. कढत पाणी नको, तडा जातो. पत्र्याच्या डब्यात खुळखुळतही ठेवू नयेत. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे उत्तम.

नातवाने ‘फालतू’ म्हणून बाजूला सारलेल्या ढिगात एक हिरवट, बिनपट्टीची, टवका उडालेली गोटी होती. मावशीने ती उचलली आणि हसायलाच लागली. ही सोडावॉटरच्या बाटलीतली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली आपल्याकडे मराठीत गोटी सोडा आणि कन्नडमध्ये गोली सोडा या नावाने चालते. गळ्यात काचेची गोटी आणि रबराची कडी. आतला वायू गोटीला वर दाबून धरतो, अंगठ्याने ढकलली की ठप्प! गोटी काढायची तर बाटली फोडण्यावाचून इलाज नाही. म्हणून ती विकत मिळत नसे, आणि म्हणूनच मुलांत तिचा रुबाब मोठा.

मावशी मूळची निपाणीची. शेजारच्या कन्नड घरात गोली, आमच्यात गोटी, भांडताना दोन्ही भाषा कामी येत. त्याहीआधी गजगे असत. शेजारी त्यांना गज्जुग म्हणत, तेही ओळखीचेच. सोडावाल्याची बाटली फोडून मिळवलेली ही गोटी तिने लग्नाच्या ट्रंकेतून बुऱ्हाणपूरला आणली आणि पुढे दिराने तिच्याकडून जिंकून घेतली. कधी जिंकली, कशी हरले, तिला सगळे आठवत होते. नातू ऐकत राहिला.

संध्याकाळी आम्ही चिठ्ठ्या लिहायला बसलो. ज्या गोटीबद्दल घरात काही आठवण असेल तिची चिठ्ठी तिच्याजवळ. धुरकट झालेल्या सहांच्या चिठ्ठीवरही नातवाने प्रामाणिकपणे लिहिले, ‘मी घासल्या.’ हिरव्या गोटीची चिठ्ठी मात्र मावशीने कोणाला लिहू दिली नाही. चष्मा लावून तिने स्वतः लिहिले, ‘निपाणी. सोड्याच्या बाटलीतली. बाटली धाकट्याने फोडली, मार मी खाल्ला.’