महिन्याचा खर्च किती?

16 डिसेंबर 2010 रोजी याहू कंपनीच्या एका अंतर्गत बैठकीतली स्लाइड बाहेर फुटली. कंपनी ज्या सेवा गुंडाळणार होती त्यांच्या यादीत ‘डिलिशस’चे नाव होते. इंटरनेटवरच्या वाचनखुणा, म्हणजे बुकमार्क, जपून ठेवणारी ही सेवा 2003 मध्ये जोशुआ शाक्टर यांनी सुरू केली आणि 2005 मध्ये याहूने ती विकत घेतली होती. बातमी पसरताच लोकांनी आपापल्या खुणा उचलून दुसरे घर शोधायला सुरुवात केली आणि त्यातले पुष्कळ जण ‘पिनबोर्ड’ नावाच्या साइटवर येऊन धडकले. पिनबोर्ड 2009 पासून मुख्यतः एकटा माणूस चालवत होता. माचेय त्सेगवोव्स्की हा मूळचा पोलंडचा, अमेरिकेत स्थायिक झालेला प्रोग्रामर. त्याची साइट फुकट नव्हती. सदस्य होताना एकदाच शुल्क भरावे लागे आणि ते ठरवण्याचे सूत्र गमतीचे होते : आजवरची सदस्यसंख्या गुणिले एक दशांश सेंट. म्हणजे दर नव्या सदस्यागणिक पुढच्याचे शुल्क केसभर वाढायचे. त्यामुळे गर्दी उसळली तेव्हा तिच्याबरोबर नवे सर्व्हर घेण्याइतके पैसेही आले. फुकट सेवेवर अशी गर्दी लोटली असती तर खर्च तेवढाच वाढला असता आणि तिजोरी मात्र रिकामीच राहिली असती. पुढे जून 2017 मध्ये त्सेगवोव्स्कीने हात बदलत बदलत खंगलेले डिलिशसच 35,000 डॉलरना विकत घेतले.

ही गोष्ट सहसा डेव्हिडने गोलायथला लोळवल्याच्या थाटात सांगितली जाते. माझ्या मते तिच्यात शौर्य कमी आणि हिशेब जास्त आहे. स्वतंत्रपणे काम करणारा वेब डेव्हलपर नवी साइट काढतो तेव्हा त्याला चारी बाजूंनी विचारले जाते ते असे : कल्पना काय आहे, वापरकर्ते किती मिळतील, गुंतवणूकदार कोण. साइट पाच वर्षांनी जिवंत असेल की नाही हे मात्र महिन्याच्या खर्चावर ठरते. त्या खर्चात रुपये येतात, डेव्हलपरचे लक्ष येते आणि दुसऱ्याच्या मर्जीवर किती अवलंबून राहायचे तेही येते. हा खर्च पहिल्याच दिवशी, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवला पाहिजे. नंतर तो कमी करणे फार जड जाते.

रुपयांचा भाग आज सर्वांत सोपा आहे. डोमेनचे भाडे वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये, छोट्या सर्व्हरचे महिन्याला पाचशेच्या आसपास. साइटला सुरक्षित जोडणी देणारे प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावे लागे. डिसेंबर 2015 मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही मोफत प्रमाणपत्रे देणारी सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि तोही खर्च गेला. उरते ती डेव्हलपरची हौस. दहा लाख वापरकर्ते येतील असे गृहीत धरून पहिल्याच महिन्यात दहा सेवा एकमेकींना जोडणारे बरेच असतात, आणि त्यातल्या प्रत्येक सेवेचे बिल, अपडेट आणि बिघाड स्वतंत्र असतो. पिनबोर्ड पीएचपी, पर्ल आणि मायएसक्यूएल या जुन्या, कंटाळवाण्या म्हणाव्यात अशा साधनांवर उभे राहिले. कंटाळवाण्या साधनांचा मोठा गुण असा की त्यांचे बिघाड कुणाला ना कुणाला आधी येऊन गेलेले असतात. रात्री दोन वाजता साइट बंद पडली तर उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही.

कमी खर्चाचे याहून टोकाचे उदाहरण म्हणजे ‘वर्डल’. जॉश वॉर्डल यांनी हा शब्दखेळ आपली जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केला. 1 नोव्हेंबरला तो खेळणारे 90 जण होते, 2 जानेवारी 2022 ला तीन लाख आणि त्यानंतरच्या आठवड्यात वीस लाखांच्या पुढे. एवढ्या वेगाने वाढणारी साइट एरवी कोसळते. वर्डल कोसळला नाही, कारण त्याला सर्व्हरवर करण्यासारखे काम जवळपास नव्हतेच. अडीच हजारांच्या आत मावणारी उत्तरांची यादी खेळाच्या कोडमध्येच भरलेली होती. आजचा शब्द कोणता हे खेळाडूचा ब्राउझर तारखेवरून स्वतः काढायचा आणि कितवा विजय याची नोंदही त्याच्याच यंत्रात राहायची. लॉगिन नाही, डेटाबेस नाही, जाहिरात नाही. एक पान एकदा उतरले की काम संपले. काही लोकांनी तर ते पानच उतरवून ठेवले, पुढच्या कित्येक वर्षांचे खेळ त्यात होते. तरीही 31 जानेवारी 2022 रोजी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने हा खेळ दहा लाख डॉलरहून अधिक रकमेला घेतल्याचे जाहीर केले आणि वॉर्डल यांनी विकताना आपल्यावरचा ताण बोलून दाखवला. लाखो लोकांच्या अपेक्षा, नक्कल करून पैसे कमावणारी ॲप, पत्रकारांचे फोन हे सगळे सर्व्हरच्या बिलात दिसत नाही, पण कुणाला तरी ते भरावेच लागते. रुपयांचा खर्च शून्यावर आणणारा वॉर्डल यांच्यासारखा कुशल डेव्हलपरही लक्षाचा खर्च आटोक्यात ठेवू शकला नाही. विकण्याचा त्यांचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

राहिले दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे. दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराबद्दल फार लिहायला नको, कारण निकाल स्पष्ट आहेत. ख्रिश्चन सेलिग या कॅनडातल्या डेव्हलपरचे ‘अपोलो’ हे रेडिट या चर्चांच्या साइटवरचा मजकूर वाचण्याचे ॲप लोकप्रिय होते. 2023 मध्ये रेडिटने आपल्या माहितीसाठी दर पाच कोटी विनंत्यांमागे 12,000 डॉलर असा भाव लावला. सेलिग यांच्या हिशेबाने वर्षाचे बिल दोन कोटी डॉलरच्या घरात जात होते. 30 जूनला अपोलो बंद झाले. त्याआधी 2018 मध्ये गूगलने वेबसाइटवर दाखवायच्या नकाशांचा दर हजारामागे अर्ध्या डॉलरवरून सात डॉलरवर नेला आणि नकाशांवर उभे असलेले कितीतरी छोटे प्रकल्प एका उन्हाळ्यात तोट्यात गेले. या कंपन्यांनी बेकायदा काही केले नाही. आपले भाडे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि तीच तर अडचण आहे. नकाशांच्या बाबतीत निदान ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशाचा पर्याय आहे. रेडिटच्या माहितीला पर्याय कुठून आणणार?

आता उत्पन्नाची बाजू. महिन्याला दोन डॉलर हा भाव ग्राहकाला हलका वाटतो, पण अमेरिकेत कार्डाने पैसे घेण्याचा नेहमीचा दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट आहे. दोन डॉलरमधले जवळपास 36 सेंट, म्हणजे 18 टक्के, तिथेच जातात. तीच वर्गणी वर्षाला 24 डॉलर अशी एकदम घेतली तर कपात एका डॉलरच्या आसपास, म्हणजे चार टक्क्यांवर येते. छोट्या साइट वार्षिक वर्गणीकडे वळतात त्यामागे हे साधे अंकगणित आहे. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे पन्नास रुपयांची वर्गणी पन्नास रुपयेच पोचू शकते. अशी सोय अमेरिकेतल्या डेव्हलपरला नाही. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्डाच्या रकमेवर मात्र रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले आणि वर्गणी घेणाऱ्या कित्येकांचे व्यवहार तेव्हा अडकले. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून साइट चालवणाऱ्याने भारतीय ग्राहकांसाठी वर्षाला एकदा यूपीआयने पैसे मागावेत हे बरे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : छोटे राहण्याचे हे कौतुक म्हणजे ज्यांना मोठे होता आले नाही त्यांची समजूत आहे. व्हँकुव्हरमध्ये मार्कस फ्रिंड यांनी 2003 मध्ये एकट्याने काढलेली ‘प्लेंटी ऑफ फिश’ ही जोडीदार शोधण्याची साइट 2015 मध्ये साडेसत्तावन्न कोटी डॉलरना विकली गेली. मग मोठ्या उडीचे स्वप्न का सोडावे? फ्रिंड यांचे उदाहरण मला आक्षेपाच्या विरुद्ध बाजूचे वाटते. कित्येक वर्षे त्यांनी साइट फुकट ठेवली, जाहिरातींवर चालवली आणि हाताशी जवळजवळ कुणी माणूस ठेवला नाही. स्पर्धक कंपन्या पगारपत्रक वाढवत असताना त्यांचा खर्च तळाशी होता, म्हणून वाढीची वाट पाहायला त्यांना वेळ मिळाला. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक वजनदार आहे. आपण नावे घेतो ती टिकलेल्या साइटची, बुडालेल्यांची यादी कुणी ठेवत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच छोटा प्रकल्प यशस्वी होतोच असा दावा मी करत नाही. बहुतेक साइट कुणाच्या लक्षातही न येता विरून जातात. वर्षाला सात हजारांच्या आसपास रुपये खर्चून विरून जाणे आणि कर्ज काढून, नोकरी सोडून विरून जाणे यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात दुसरा प्रयत्न करता येतो.

शिवाय काही कामे अशी आहेत की ती मोठ्या कंपनीच्या हिशेबात बसतच नाहीत. 2011 मध्ये डिलिशसचे नवे रूप आले आणि त्यात लेबलांचा शोध मोडला. कादंबऱ्या-मालिकांतल्या पात्रांवर हौसेने कथा लिहिणाऱ्या वाचक-लेखकांचा एक मोठा समुदाय तिथे होता, त्याची व्यवस्थाच कोलमडली. त्यांनी एकत्र येऊन पिनबोर्डकडून आपल्याला काय हवे याचा पानेच्या पाने भरणारा दस्तऐवज तयार केला आणि त्सेगवोव्स्कीने तो गांभीर्याने घेतला. कंपनीच्या लेखी हा गट किरकोळ होता, एकट्या माणसाला तो पुरेसा होता. मराठीत हे आणखी ठळक दिसते. अजय गल्लेवाले यांनी 1996 मध्ये अमेरिकेतून सुरू केलेली ‘मायबोली’ किंवा अलका विभास यांनी उभे केलेले ‘आठवणीतली गाणी’ हे गीतांचे संकेतस्थळ कुठल्याही गुंतवणूकदाराने काढले नसते. देवनागरीच्या तांत्रिक कटकटी सोसायलाही असाच हौशी माणूस लागतो. ‘स्त्री’ हे वाचकाच्या डोळ्याला एक अक्षर, युनिकोडच्या मोजणीत मात्र सहा चिन्हे. वर्डलसारखा खेळ मराठीत करायचा तर एका अक्षराच्या चौकटीत काय भरायचे, हा प्रश्न पहिल्याच पायरीवर येतो. जोडाक्षर एकसंध धरणारा नियम युनिकोडच्या मूळ मोजणीत आला तो 2023 च्या 15.1 या आवृत्तीत. त्याआधी मराठी शब्दखेळ किंवा शब्दकोडे करणाऱ्याला अक्षर तोडण्याचे नियम आपल्यापुरते लिहून घ्यावे लागत.

अलीकडे नवा युक्तिवाद ऐकू येतो की कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, तेव्हा एकट्याला दहा जणांचे काम करता येईल आणि खर्चाची चर्चाच उरणार नाही. बांधण्याचा खर्च घटला आहे यात शंका नाही. चालवण्याचा मात्र त्याच तंत्रामुळे वाढतो आहे. मॉडेलांसाठी मजकूर गोळा करणारे यंत्र-वाचक साइटवर अखंड फिरतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने एप्रिल 2025 मध्ये सांगितले की चित्रे आणि व्हिडिओ उतरवण्यासाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांनी वाढली आणि त्यामागे मुख्यतः ही यंत्रे आहेत. एवढ्या मोठ्या संस्थेला हा भार जाणवत असेल तर पाचशे रुपयांच्या सर्व्हरचे काय होत असेल! वर्डलसारखी, सर्व्हरला विचार करायला न लावणारी पाने अशा गर्दीत तग धरतात, दर भेटीला डेटाबेस चाळणारी धापा टाकतात. शिवाय यंत्राने लिहिलेला, आपण नीट न वाचलेला कोड दोन वर्षांनी बिघडला की तो समजून घेण्याचा वेळ आपलाच जातो.

सर्वांत अवघड आक्षेप माणसाबद्दलचा आहे. एकट्याची साइट एकट्याच्या तब्येतीवर, कंटाळ्यावर आणि संसारावर चालते. पिनबोर्डही याला अपवाद ठरले नाही, नंतरच्या वर्षांत सेवा रखडल्याच्या आणि पत्रांना उत्तर न मिळाल्याच्या तक्रारी पैसे भरणाऱ्या सदस्यांनीच केल्या. मोठी कंपनी याबाबत अधिक भरवशाची असते असे मात्र अनुभव सांगत नाही. ‘जिओसिटीज’ ही लोकांना आपली पाने मांडू देणारी सेवा याहूने 1999 मध्ये अब्जावधी डॉलरना घेतली आणि 2009 मध्ये तिथली हौशी लोकांची लक्षावधी पाने पुसून टाकली. 2013 मध्ये गूगलने ‘रीडर’ ही बातम्या आणि ब्लॉग एकत्र वाचण्याची सेवा बंद केली तेव्हा तेच काम करणाऱ्या, सॅम्युएल क्ले यांच्या एकट्याच्या ‘न्यूजब्लर’नेही निर्वासितांचा लोंढा पेलला. त्सेगवोव्स्कीने डिलिशस घेतल्यावर नवी भर बंद केली, पण जुन्या खुणा लोकांना काढून नेता येतील अशा ठेवल्या. साइटवरून स्वतःची सगळी माहिती एका बटणाने उतरवून घेता येणे ही सोय वापरकर्त्याला पहिल्या दिवसापासून मिळायला हवी, आणि ती बनवायला एखादी दुपार पुरते. उरतो तो कागदपत्रांचा भाग, ज्याकडे हुशार डेव्हलपरही काणाडोळा करतात. डोमेन एकाच माणसाच्या नावावर, एकाच ईमेलशी आणि एकाच कार्डाशी बांधलेले असते. ‘.कॉम’ पत्त्याची मुदत संपली की नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या मर्जीनुसार जास्तीत जास्त 45 दिवसांची सवलत, मग दंड भरून सोडवण्याचे 30 दिवस आणि शेवटचे पाच दिवस काहीही न करता येण्याचे. त्यानंतर तो पत्ता कुणीही घेऊ शकतो, आणि जुन्या, लोकांच्या ओळखीच्या पत्त्यांवर टपून बसलेल्यांत जुगाराच्या जाहिराती करणारे पुष्कळ असतात. म्हणून पासवर्ड, नूतनीकरणाची तारीख आणि सर्व्हर बंद करण्याची रीत घरातल्या किंवा विश्वासातल्या दुसऱ्या एकाला लिहून देणे आणि डोमेनचे पैसे एका वर्षाचे न भरता नियमात बसतात तसे दहा वर्षांचे भरणे, एवढी तजवीज दहा-बारा हजार रुपयांत होते.