राजा बदलला, मुहूर्त तोच!

पगार झाला की मोबाईल, शूज, वीकेंडला लोणावळा हे ठरलेलं. माझे पैसे मात्र भलतीकडेच जातात: राज्याभिषेकाची चांदीची नाणी! 'त्यात काय एवढं?' असं विचारणाऱ्याच्या हातावर मी १९३७चा ब्रिटिश क्राउन ठेवते.

वजन लगेच जाणवतं, २८.२८ ग्रॅम. दर्शनी किंमत पाच शिलिंग. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे सिंह आणि एकशिंगी घोड्यानं धरलेलं राजचिन्ह. खरी गंमत तारखेत आहे. १२ मे १९३७ हा मुहूर्त काढला होता थोरल्या भावासाठी, आठव्या एडवर्डसाठी. वॉलिस सिम्पसनशी लग्न करायचं म्हणून त्यानं डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली. मग काय, त्याच मुहूर्तावर धाकट्याला बोहल्यावर, सॉरी, सिंहासनावर चढवलं!

एडवर्डच्या नाण्यांचे नमुने तोवर तयार झाले होते. नव्या राजानं आधीच्याच्या उलट दिशेला तोंड करायचं, हा तिथला रिवाज. वडील डावीकडे बघत होते, म्हणजे एडवर्डनं उजवीकडे बघायला हवं. पण स्वारी हट्टानं डावीकडेच वळली. गंमत म्हणजे जॉर्जही डावीकडेच बघतो, जणू मधल्यानं रिवाज पाळलाच होता! घरातलं भांडण इतक्या सफाईनं झाकलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

राजचिन्हाच्या बाजूला बारीक 'इंड इम्प' दिसेल. म्हणजे भारताचा सम्राट. १९४९च्या नाण्यांवरून ही अक्षरं गायब झाली. का, ते सांगायला नकोच.

घ्यायचा विचार असेल तर खिसा सांभाळून. यात चांदी फक्त ५० टक्के. १९२०पासून ब्रिटिश नाण्यांत तेवढीच असायची. सप्टेंबरच्या सेलसारखा 'लास्ट पीस आहे' असा फंडा दुकानदारानं मारला, तर लक्षात ठेवा, साधे क्राउन ४,१८,६९९ पाडले होते. खास पॉलिशचे प्रूफ २६,४०२, त्यांना जास्त मोजणं समजू शकतं. घरी आणल्यावर टूथपेस्टनं घासू नका, प्लीज. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत पडते.

आणि राणी एलिझाबेथच्या १९५३च्या राज्याभिषेकाचा क्राउन 'शुद्ध चांदी' म्हणून समोर आला, तर हसून परत करा. ब्रिटननं १९४७ मध्येच रोजच्या नाण्यांतली चांदी काढली होती. तो तांबं-निकेलचा आहे.