नदीकाठ आखण्याआधी : कर्जत–खालापूर

दोन नद्या : कर्जत उल्हासच्या काठी. ही नदी बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. खालापूर तालुक्यातली खोपोली पाताळगंगेच्या काठी. ती धरमतरच्या खाडीत उतरते.

उन्हाळ्यातलं पाणी : खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचं १९२२ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी वीजनिर्मितीनंतर खाली सुटतं, म्हणून पाताळगंगा आणि उल्हासला मिळणारी पेज उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. इथल्या काठांचं हे मोठंच वेगळेपण.

पूररेषा
- निळी : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. नदीपात्रापासून या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र. बाग, मैदान अशा मोकळ्या वापरालाच वाव.
- लाल : १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. दोन रेषांमधलं क्षेत्र नियंत्रित, बांधकामाला अटी.
- २६ जुलै २००५ : अतिवृष्टीत उल्हासला महापूर.

घाट की भिंत? घाटाच्या पायऱ्यांवरून पाणी चढलं-उतरलं तरी माणूस पाण्यापर्यंत पोचतो. उभी संरक्षक भिंत काठ राखते, पण ही वाट बंद करते.

जुनी बांधीव तळी : खोपोलीचं वीरेश्वर मंदिर आणि शेजारचं तळं नाना फडणवीसांनी बांधलेलं. महडच्या वरदविनायकाची मूर्ती १६९० मध्ये तळ्यात सापडल्याची परंपरा. मंदिर १७२५ चं.